विचारपूस



बसा, बसा. मागच्यांनी जरा पुढं सरका. ज्याच्या गुडघ्याला मांडी जमत नसेल त्यानं खुशाल पाय लांब करून बसावं, देवाला त्याचा राग येत नाही.

आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारतो. सकाळी गुरुकुंजात पाय ठेवल्यापासून तुम्हाला किती जणांनी विचारलं, 'कवा आले?', 'कोन्या गावचे?', 'जेवले का?' हात वर करा बरं. पाहा, सगळेच हात वर. आता दुसरा प्रश्न. विचारणाऱ्यानं थांबून तुमचं उत्तर ऐकलं, असे किती? हं. आता हात मोजता येतात.

मायबाप हो, आजचा विषय एवढाच. मोठा वेदान्त नाही. आपण एकमेकांना येता-जाता जे दोन शब्द विचारतो, त्या दोन शब्दांचा विषय आहे. आपल्या भाषेत त्याला फार सुंदर शब्द आहे, विचारपूस. आपल्या वऱ्हाडात पुसणं म्हणजे विचारणं. 'त्यानं मले पुसलं' असं आपण म्हणतो. आणि पुसणं म्हणजे डोळे पुसणंही. तेव्हा खरी विचारपूस कोणती? जिच्यात विचारणंही आहे आणि डोळे पुसणंही आहे, ती. पण होतं काय बरं का, कधी कधी विचारायला जातो डोळे पुसायला, आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणून परत येतो. मनात खोट नसते, तरी असं होतं. काहून होतं? ते आज पाहू.

आधी हलकं हलकं घेऊ.

नागपूर-अमरावती महामार्ग इथून जवळच आहे. त्या रस्त्यावर एक राजस्थानी माणूस चहाचं दुकान घालून बसला होता. नवा नवा आला होता. आपला एक गुरुदेवप्रेमी तिथे चहा प्याला, पैसे दिले आणि उठता उठता म्हणाला, 'अच्छा भैया, आता हूँ.' आपण मराठी माणसं निघताना 'जातो' म्हणत नाही. आपल्या आईनं शिकवलं आहे, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. यानं तेच हिंदीत उलथून दिलं. तो बिचारा दुकानदार चहा उकळत ठेवून वाट पाहत बसला. म्हणाला, ग्राहक आता येतो म्हणून सांगून गेला! दिवसभरात असे पाचसहा 'आता हूँ' झाले. संध्याकाळी त्यानं शेजाऱ्याला विचारलं, 'तुमच्याकडची माणसं एवढी खोटं का बोलतात?'

हसा, हसा. पण यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. एकाच्या घरात 'येतो' म्हणजे निरोप, दुसऱ्याच्या घरात 'येतो' म्हणजे वचन.

बरं, हे परप्रांताचं झालं. मराठी-मराठीत काय कमी आहे? पुण्याचा पाहुणा आपल्या पंगतीला बसला. वाढणाऱ्यानं विचारलं, 'वरून सांबार टाकू का?' पाहुण्याला वाटलं, इडलीबरोबरचं सांबार. त्यानं वाटी पुढं केली. वाढणाऱ्यानं त्या वाटीत हिरवीगार कोथिंबीर टाकली! आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्याला कोण सांगणार?

माझ्या ओळखीच्या घरी मुंबईची नात आली होती, सहा वर्षांची. इंग्रजी शाळेतली. शेजारची म्हातारी लाडानं म्हणाली, 'कोनाची पोट्टी व्हय वो तू? लय गोड पोट्टी हाय!' पोरीनं भोकाड पसरलं. शाळेत तिला शिकवलं होतं की पॉटी म्हणजे शौचाला बसणं. म्हातारी घाबरली, म्हणाली, 'म्या काय केलं माय?' तिनं काहीच केलं नव्हतं. तिनं तर ओंजळभर माया दिली होती. पण ती माया पोरीच्या कानापर्यंत जाता जाता शिवी झाली.

आता थोडं वरच्या पायरीवर चढू.

ज्यांच्या समाधीजवळ आपण बसलो आहोत, त्यांचं नाव आठवा. 1909 साली यावलीत जन्मलेल्या लेकराचं नाव होतं माणिक. माणिक म्हणजे रत्न! आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला काय नाव दिलं? तुकड्या. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, हे काय नाव झालं? रत्नाचं नाव काढून घेतलं आणि भाकरीच्या तुकड्याचं दिलं? पण शिष्यानं त्या शब्दातली गुरूची माया ओळखली. पुढं जन्मभर आपल्या भजनाखाली तेच नाव लावलं आणि त्याच नावानं राष्ट्रसंत झाले. शब्द कानाला खरबरीत, भाव लोण्यासारखा. ज्याला भाव कळला त्याला शब्द टोचत नाही.

पण थांबा. ही अर्धीच गोष्ट झाली. ऐकणाऱ्यानं भाव ओळखावा, हे खरं. मग बोलणाऱ्यानं काही करायचंच नाही का? 'माझं मन साफ आहे, तुला लागलं तर तू जाण', असं म्हणून मोकळं व्हायचं का? संतांनी तसं केलं नाही.

आपल्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचं ठिकाण. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतले, भडोचचे. पण इकडं आले आणि आपलं सगळं ज्ञान त्यांनी इथल्या मराठीत सांगितलं. कोणासाठी? घरातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे. नामदेवराय पंढरपूरचे, पण पंजाबात गेले. तिथल्या लोकांना कळेल असं गायले, म्हणून त्यांची 61 पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. आणि आपले वंदनीय महाराज? गावातल्या माणसासाठी मराठीत लिहिलं, आणि देशभरातल्या माणसासाठी हिंदीत भजनं केली. 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले तेव्हाही खंजिरी घेऊन गेले. म्हणजे काय? दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावर आपला शब्द त्याच्या कानात कसा पडेल, हे पाहायचं. संतांनी एवढा प्रवास केला. आपल्याला तर फक्त समोरच्या माणसापर्यंत जायचं आहे.

आता एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, माझ्या घरची आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतो, नावं घेत नाही.

माझा मुलगा पुण्याला नोकरीला. सून रत्नागिरीकडची. मोठी गुणाची, पण बोलणं मोजकं. माझा धाकटा भाऊ गावात शेती करतो. पाच एकर कोरडवाहू वावर. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हातात पैसा नव्हता. दीड लाखाची गरज होती. मला त्यानं सांगितलं नाही. मोठ्या भावापुढं हात कसा पसरावा, असं त्याला वाटलं. तो न सांगता बडनेऱ्याहून रेल्वेत बसला आणि पुण्याला गेला. म्हणाला, पुतण्याजवळ मन मोकळं करू.

दुपारी घरी पोचला. पुतण्या कामावर. सुनेनं दार उघडलं. 'या काका, बसा. प्रवास कसा झाला?' 'बरा झाला.' पाण्याचा तांब्या दिला. यानं पिशवीतून तुरीची डाळ काढून दिली. मग सुनेनं विचारलं, 'काका, चहा टाकू का?'

आता आपलं वऱ्हाडी मन कसं असतं तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणं म्हणजे हावरेपणा. तो म्हणाला, 'राहू दे माय.' त्याला वाटलं, आता ती म्हणेल, 'असं कसं काका, अर्धा कप तरी.' मग आपण म्हणू, 'कायले त्रास करते?' मग ती म्हणेल, 'त्रास कसला?' आणि मग चहा होईल. आपल्याकडे चहा पाण्यात नाही, आग्रहात उकळतो.

सून म्हणाली, 'बरं.' आणि ती आत गेली.

तिच्या माहेरची रीत अशी की पाहुण्याला एकदा नीट विचारायचं आणि तो काय सांगतो ते मानायचं. नको म्हणाला की पुन्हा पुन्हा विचारून त्याला संकोचात टाकायचं नाही. तिनं पाहुण्याचा मान राखला. आणि पाहुण्याला वाटलं, आपला मान गेला.

थोड्या वेळानं तिनं बाहेर येऊन विचारलं, 'गावाकडे सगळं बरं ना?' हा म्हणाला, 'बरं हाय.' मायबाप हो, हे 'बरं हाय' ऐका! आपल्या शेतकऱ्याचं 'बरं हाय' म्हणजे काय असतं? सोयाबीन भिजलं तरी बरं हाय. कापसाला भाव नाही तरी बरं हाय. घरात कोणी आजारी, तरी रस्त्यात भेटणाऱ्याला बरं हाय. आपला माणूस 'बरं हाय' म्हणतो तेव्हा खरं तर तो दार अर्धं उघडं ठेवून उभा असतो, कोणी ढकलून आत येतं का पाहत. सुनेनं ते शब्द जसेच्या तसे घेतले. तिला बरं वाटलं.

अर्धा तास तो तसाच बसला. मग उठला, म्हणाला, 'येतो माय.' ती म्हणाली, 'हो, या काका.'

गावात आल्यावर त्यानं कोणाला फार सांगितलं नाही. बायकोला एवढंच म्हणाला, 'चाहाचा घोट बी नाही भेटला.' पण बायकोनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं विहिणीला. सून 'मोठ्या घरची', 'अकडू' ठरली. आणि यानं दीड लाख सावकाराकडून घेतले. तारण म्हणून दोन एकराचं खरेदीखत करून दिलं. लग्न झालं. पुढच्या दोन हंगामांत पिकानं दगा दिला आणि ते दोन एकर गेले. आमच्या वडिलांनी कसलेलं वावर.

तीन वर्षं काका-सुनेचं बोलणं नाही. लग्नाकार्यात भेटले तर 'कशी हाय?' 'बरी आहे', एवढंच.

मग एका वर्षी पुण्यतिथी महोत्सवाला आम्ही सगळे इथं गुरुकुंजात आलो. प्रसादाच्या पंगतीला बसलो. योगायोग असा की सून आणि माझा भाऊ शेजारी शेजारी आले. वाढणारा सेवक आला. भावाला म्हणाला, 'बाबा, भाजी?' भाऊ म्हणाला, 'राहू दे, राहू दे.' सेवक आपलाच वऱ्हाडी गडी. त्यानं दोन पळ्या भाजी वाढली आणि पुढं गेला. भावानं ती चवीनं खाल्ली.

सून पाहतच राहिली. म्हणाली, 'काका, तुम्ही तर नको म्हणालात.'

भाऊ म्हणाला, 'नको म्हटलं म्हंजे काय नको असते वो?'

तिचा घास हातातच राहिला. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, 'मग त्या दिवशीचा चहा?'

भाऊ काही बोलला नाही. खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. तेव्हा ती म्हणाली, 'काका, त्या दिवशी तुम्ही येतो म्हणालात. मला वाटलं, काही काम उरकून रात्री येताय. मी तुमच्यासाठी घावणे केले होते. ताट वाढून दहा वाजेपर्यंत बसले होते. यांनी फोन केला तर तुम्ही म्हणालात, गाडीत बसलो, वावरात काम आहे. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल, म्हणून तुम्ही जेवायला आला नाहीत.'

मायबाप हो, हिशोब करा. एक माणूस रेल्वेच्या फलाटावर उपाशी बसला आहे आणि मनात म्हणतो, मला चहा विचारला नाही. आणि त्याच वेळेला एका घरात त्याच्या नावाचं ताट वाढलेलं आहे. दोन्हीकडे माया, आणि मधल्या दोन शब्दांनी तीन वर्षं नेली. 'राहू दे' आणि 'येतो'. दोन्ही शब्द मराठी. दोन्ही माणसं मराठी.

त्याच दिवशी त्या पैशाची गोष्ट बाहेर आली. ती ऐकून सून रडली. म्हणाली, 'काका, आमच्याजवळ तेव्हा पैसे होते. घरासाठी जमवलेले होते. तुम्ही एक शब्द बोलला असता.' भाऊ म्हणाला, 'माय, तू बी एक शब्द अजून पुसली असती.'

तुम्ही विचाराल, महाराज, ते दोन एकर परत आलं का? नाही आलं. कीर्तनात सगळं गोड करून सांगायची रीत आहे, पण हे गोड करून सांगणार नाही. वावर गेलं ते गेलं. माणूस तेवढा परत आला. आता काका पुण्याला गेला की सून तीनदा विचारते, आणि हा पहिल्याच वेळेला 'हाव' म्हणतो. दोघंही एकमेकांची भाषा शिकले. म्हणून त्या घरात आता कधी कधी एका माणसासाठी तीन कप चहा होतो!

बोला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज की जय!

आता एक कडू गोळी. सगळंच गैरसमजावर ढकलता येत नाही. काही प्रश्न असे असतात की तिथे गैरसमज नसतोच, समोरच्याला सगळं बरोबर समजलेलं असतं. एसटीत शेजारी बसलेल्याला आपण विचारतो, 'नाव काय?' तो नाव सांगतो. आपलं समाधान होत नाही. 'आडनाव?' तो सांगतो. तरी कळत नाही, मग 'म्हंजे कोनते लोक तुमी?' आपल्याला वाटतं, आपण ओळख वाढवतो आहोत. पण ज्याच्या बापाला, आज्याला या एका प्रश्नानंतर पाण्याच्या घागरीपासून दूर उभं केलं होतं, त्याच्या कानात तो प्रश्न काठी आपटल्यासारखा वाजतो. तो उत्तर देईल, हसेलही. पण आपल्यातलं अंतर तिथंच ठरून जातं. ज्या आश्रमात संध्याकाळी सगळे एका जागी बसून सामुदायिक प्रार्थना करतात, तिथं येणाऱ्या वाटेवर हा प्रश्न कशाला? 1935 साली महाराजांनी इथं आश्रम उभा केला, तो जात विचारून माणसं बसवायला नाही.

तसंच लेकराचं. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईला 'काय वो, अजून पाळणा नाही हालला?' विचारणारी काकी वाईट नसते. पण ती बाई त्या रात्री जेवत नाही. आणि शहरातून आलेला जावई शेतकऱ्याला सहज विचारतो, 'मग यंदा किती पिकलं?' त्याला वाटतं, सासऱ्याच्या आवडीचा विषय काढला. इकडं सासऱ्याच्या घशात आवंढा. आपणही कमी नाही, जावयाला पहिल्याच भेटीत विचारतो, 'पगार किती?' तोही गप्प. चार माणसं ओट्यावर बसलेली, चौघं एकमेकांची चौकशी करतात आणि चौघंही दुखावून उठतात.

मग करावं काय? बोलणंच सोडावं? नाही मायबाप हो. न विचारणारं गाव स्मशानासारखं असतं. विचारावंच. पण गुरुकुंजातून जाताना तीन नेम घेऊन जा.

पहिला नेम. विचारल्यावर थांबायचं. 'कसं काय?' म्हणून पुढं चालू पडायचं नाही. आणि 'बरं हाय' ऐकलं की तिथं संपवायचं नाही. 'बरं हाय म्हंजे कसं हाय?' असं एकदा अजून पुसायचं. विशेषतः ज्याचं पीक गेलं आहे, ज्याच्या घरात कर्ज आहे, त्याला. वऱ्हाडात अशी किती घरं आहेत, जिथं आदल्या दिवशी कर्ता माणूस सगळ्यांना 'बरं हाय' म्हणाला होता! कोणी एकानं दुसऱ्यांदा पुसलं असतं तर? मी म्हणत नाही की तेवढ्यानं कर्ज फिटतं. पण माणूस एकटा राहत नाही.

दुसरा नेम. एखादा शब्द लागला, तर मनात गाठ मारायच्या आधी विचारायचं, 'तुमी असं म्हनले, ते कोन्या अर्थानं?' एवढं एक वाक्य माझ्या भावानं म्हटलं असतं, तर दोन एकर वाचले असते. शेजारच्या म्हातारीला विचारायला लाज कसली? हा प्रश्न रागात विचारायचा नाही, बरं का. कोथिंबिरीला सांबार का म्हणता, हे जसं विचारतो तसा विचारायचा.

तिसरा नेम. मापं काढणारे प्रश्न सोडून द्यायचे. जात, पगार, पाळणा. त्याच्याऐवजी काय विचारावं? आपल्या आज्या विचारत होत्या तेच. 'जेवले का?' यात ना जात आहे, ना पैसा. आणि विचारलंच, तर घरात भाकर असल्याशिवाय विचारायचं नाही! म्हणजे 'नाही जेवलो' म्हणाला तर ताट मांडायची तयारी पाहिजे. ज्या प्रश्नामागं ताट आहे, तीच विचारपूस.

आता वेळ होत आली. पुण्यतिथीच्या दिवशी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी इथं काय होतं, तुम्ही पाहिलं आहे. 1968 साली महाराजांनी देह ठेवला ती वेळ. एवढा मोठा जनसमुदाय, आणि सगळं एकदम स्तब्ध. जो जिथं आहे तिथं उभा. वऱ्हाडी, पुणेरी, मध्य प्रदेशातला हिंदी बोलणारा, मेळघाटातला कोरकू, सगळे गप्प. त्या मौनात कोणाचा कोणाबद्दल गैरसमज होत नाही, कारण कोणी बोलतच नाही.

पण मायबाप हो, मौन सुटतं. सुटायलाच पाहिजे, संसार मौनानं चालत नाही. मौन सुटल्यावर तुमच्या तोंडून जो पहिला शब्द शेजाऱ्यासाठी निघेल, त्याच्याकडं लक्ष ठेवा. त्या शब्दात मघाचं मौन थोडं तरी शिल्लक असू द्या. एवढंच मागणं आहे.

आता उठताना शेजारच्या अनोळखी माणसाला विचारा, 'जेवले का?' आणि तो 'हो' म्हणाला तरी एकदा अजून विचारा.

येतो मायबाप हो. आणि मी येतो म्हणालो, म्हणजे खरंच येतो. पुढच्या वर्षी, इथंच.

जय गुरुदेव!